बातमीतला ‘विशिष्ट समाज’

‘किरकोळ कारणावरून दोन गटांत दगडफेक, परिस्थिती नियंत्रणात’ असा मथळा मराठी वाचकाच्या डोळ्यांखालून वर्षातून अनेकदा जातो. मजकुरात गटांची ओळख नसते. असते ते गल्लीचे नाव, मिरवणुकीचा मार्ग, जखमींपैकी एकदोघांची आडनावे आणि शेवटी पोलीस निरीक्षकांचे शांततेचे आवाहन. एवढ्यावरून कोण कोणावर धावून गेले हे वाचक ओळखतो. निदान आपण बिनचूक ओळखले अशी त्याची खात्री असते. धार्मिक अल्पसंख्य, दलित, आदिवासी, भटके-विमुक्त यांच्याविषयीचे वृत्तांकन सुधारावे कसे, याची चर्चा आपल्याकडे बहुधा याच ठिकाणी सुरू होते आणि याच ठिकाणी थांबते: समाजाचे नाव छापावे की छापू नये? प्रश्न महत्त्वाचा आहे, पण अपुरा आहे. ती ओळख कोणाच्या तोंडून बातमीत आली, तिने घटनेचा काही उलगडा होतो का, आणि ती माहिती खोटी ठरल्यावर वृत्तपत्राने काय केले, यांवर त्या समाजाचे बरेवाईट अधिक अवलंबून राहिले आहे.

संकेत आणि त्याची मर्यादा

भारतीय प्रेस कौन्सिल १९६६ मध्ये अस्तित्वात आली आणि १९६९ मध्ये तिने जातीय तणावाच्या वृत्तांकनासाठी मार्गदर्शक सूत्रे प्रसृत केली. विपर्यास नको, अतिशयोक्ती नको, चिथावणीखोर भाषा नको, ही त्यांतील कलमे अपेक्षितच होती. एक सूत्र मात्र आजही प्रत्येक वृत्तसंपादकाच्या टेबलावर असावे असे आहे: घटनेत गुंतलेली माणसे वेगवेगळ्या समाजांची आहेत, एवढ्याच कारणाने त्या घटनेला जातीय रंग देऊ नये. शेताच्या बांधावरून, वाहन लावण्यावरून किंवा उसन्या पैशांवरून झालेली मारामारी ही बांधावरची, वाहनाची किंवा पैशांचीच मारामारी असते. आणीबाणीत बरखास्त झालेल्या कौन्सिलला १९७८ च्या कायद्याने पुन्हा आधार मिळाला. कोणाचीही जात अवमानकारक संदर्भात उल्लेखू नये आणि धार्मिक वादाच्या बातम्या पडताळून, संयमाने द्याव्यात, असे तिच्या आचारसंहितेत म्हटले आहे. अर्थात ही संस्था ठपका ठेवू शकते, दंड करू शकत नाही; दूरचित्रवाणी तर तिच्या कक्षेतच येत नाही. वाहिन्यांनी २००८ मध्ये स्वतःची स्वनियमन यंत्रणा उभारली. त्या यंत्रणेने फेब्रुवारी २०२४ मध्ये काही वाहिन्यांना ‘लव्ह जिहाद’ हा शब्द सरसकट वापरून आंतरधर्मीय संबंधांवर केलेले कार्यक्रम संकेतस्थळांवरून काढून टाकण्यास सांगितले. तोवर ते कार्यक्रम ज्यांनी पाहायचे त्यांनी पाहिले होते.

येथे एका मराठी शब्दाकडेही लक्ष द्यायला हवे. ‘जातीय दंगल’, ‘जातीय सलोखा’, ‘जातीय तेढ’ या शब्दप्रयोगांत ‘जातीय’चा अर्थ बहुतेक वेळा धार्मिक असतो, आणि ‘जातीय अत्याचार’ म्हटले की तोच शब्द जातीकडे वळतो. एकच विशेषण दोन अगदी निराळ्या गोष्टींना लावल्याने दलित वस्तीवरचा एकतर्फी हल्ला आणि दोन धर्मांच्या जमावांची चकमक मथळ्यात सारखीच दिसू लागते. हल्ल्याला ‘संघर्ष’ म्हणणे ही तर आपल्या वार्तापत्रांची जुनीच खोड आहे. तोंडावर फडके बांधून आलेल्या चोरांना ‘बुरखाधारी’ म्हणणाऱ्या उपसंपादकाच्या मनात काही वाकडे नसते. पण हा शब्द रोज वाचणाऱ्या एखाद्या मुस्लिम स्त्रीला तो कसा लागत असेल, हे कोणी तिला विचारलेले नसते.

समाजांची नावे गाळण्याचा संकेत भित्रेपणातून आलेला नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबर १९९० मध्ये अयोध्येतील गोळीबारानंतर उत्तर प्रदेशातील काही हिंदी दैनिकांनी मृतांचे फुगवलेले आकडे छापले. प्रेस कौन्सिलने चौकशी करून चार दैनिकांवर ठपका ठेवला. २००२ च्या गुजरात दंगलीनंतर एडिटर्स गिल्डच्या वतीने बी. जी. वर्गीज, दिलीप पाडगावकर आणि आकार पटेल यांनी तेथे जाऊन अहवाल दिला. त्यातही राज्यातील दोन मोठ्या गुजराती दैनिकांच्या प्रक्षोभक वृत्तांकनावर बोट ठेवले होते. दंगलीच्या पहिल्या चोवीस तासांत छापलेला आकडा आणि छापलेले नाव यांची किंमत दुसऱ्या गावातल्या माणसाला मोजावी लागते, हा अनुभव जुना आहे. तो केवळ आपलाही नाही. अमेरिकेत १९६७ च्या उन्हाळ्यातील वांशिक दंगलींनंतर नेमलेल्या कर्नर आयोगाने १९६८ च्या अहवालात एक संपूर्ण प्रकरण वृत्तमाध्यमांना दिले. डेट्रॉइटमधील नुकसान सुरुवातीला २० कोटी ते ५० कोटी डॉलरच्या घरात सांगितले गेले होते. आयोगापुढे आलेला सर्वांत मोठा अंदाज साडेचार कोटींचा होता. बातमीदारांनी आकडे कल्पनेने रचले नव्हते. अधिकाऱ्यांनी सांगितले आणि त्यांनी उतरवून घेतले, एवढेच.

तथापि पहिल्या दिवसाचा संयम हा कायमचा मौनव्रताचा नियम होऊ शकत नाही. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मधील मुंबईच्या दंगलींत ९०० जण मरण पावले, हा आकडा एकटा फार थोडे सांगतो. न्या. श्रीकृष्ण आयोगाने १९९८ मध्ये सादर केलेल्या अहवालात त्याची फोड दिली: ५७५ मुस्लिम, २७५ हिंदू, ४५ अनोळखी, ५ इतर. ही फोड नसती तर कोणाच्या घरात किती मरण आले, पोलिसांचे वर्तन कसे होते, भरपाई कोणाला मिळाली आणि कोणाला नाही, यांपैकी कोणताही प्रश्न नीट विचारता आला नसता. त्या दिवसांत वृत्तपत्रांत ‘एका समाजाचे’ आणि ‘दुसऱ्या समाजाचे’ म्हणून लिहिले गेलेले लोक आयोगापुढे नावानिशी साक्षी द्यायला आले. दंगल पेटलेली असताना जे लिहू नये, ते शांत झाल्यावर पुराव्यासह लिहिणे हे वृत्तपत्राचे कामच आहे. आणि नेमक्या त्याच वेळी बहुतेक वृत्तपत्रांचे लक्ष दुसरीकडे गेलेले असते.

मौनाचा तोटा पालघरच्या प्रकरणात ठळकपणे दिसला. १६ एप्रिल २०२० च्या रात्री गडचिंचले गावाजवळ दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक यांची जमावाने हत्या केली. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याची अफवा त्या परिसरात आधीपासून होती. पण मारणारे कोण, हे बातम्यांत स्पष्ट नसल्याने ती जागा समाजमाध्यमांवरच्या तर्कांनी भरून काढली आणि हत्येला हिंदू-मुस्लिम रंग चढू लागला. अखेर तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांना अटकेतील १०१ जणांची यादीच जाहीर करून, यात एकही मुस्लिम नाही, असे सांगावे लागले. नाव न छापण्याने ज्या समाजाचे रक्षण व्हावे अशी अपेक्षा असते, त्याच्यावरच येथे संशय गेला.

जर्मनीत हाच पेच वेगळ्या वाटेने आला. ड्रेस्डेनहून निघणाऱ्या ‘झेक्सिशे त्साइटुंग’ या दैनिकाने २०१६ मध्ये गुन्ह्यांच्या बातम्यांत आरोपीचे राष्ट्रीयत्व नेहमीच द्यायचे ठरवले, तो जर्मन असला तरीही. उल्लेख गाळला की तो परकाच असणार असे वाचक धरून चालतात, हा त्यामागचा तर्क होता. २०१५ च्या वर्षअखेरीस कोलोनमध्ये स्त्रियांवर झालेल्या हल्ल्यांची बातमी उशिरा दिल्याबद्दल माध्यमांवर टीका झाली होती, तो संदर्भ ताजा होता. तेथील प्रेस कौन्सिलनेही २०१७ मध्ये आपला नियम बदलून, वांशिक वा धार्मिक ओळख देण्यासाठी सबळ सार्वजनिक हित असावे, अशी कसोटी ठेवली. ब्रिटनमधील संपादकांच्या संहितेत ‘बातमीशी खरोखर संबंध असेल तरच’ अशा अर्थाचे कलम आहे. दैनिकाचा उपाय मराठीत जसाच्या तसा आणला तर प्रत्येक पाकीटमाराची जात छापण्याची पाळी येईल. ते कोणालाच नको आहे. कसोटी मात्र घेण्याजोगी आहे. जात किंवा धर्म हेच हल्ल्याचे कारण असेल, तर ते सांगितल्यावाचून बातमी पूर्ण होत नाही. ते कारण नसेल, तर ते लिहिण्याचे प्रयोजन नाही. आणि अफवा पसरलीच असेल, तर ती नावानिशी खोडणे हेही सार्वजनिक हितच आहे.

पोलिसांनी सांगितले म्हणून

जिल्ह्याच्या ठिकाणचा गुन्हे वार्ताहर सकाळी पोलीस ठाण्यात किंवा नियंत्रण कक्षात जातो, प्रेसनोट घेतो, दुपारी फोन करून खात्री करतो, तीही त्याच ठाण्यात. तालुक्याच्या वार्ताहराला मिळणारे मानधन तुटपुंजे असते आणि बऱ्याचदा जाहिराती आणण्याची जबाबदारीही त्याच्याच गळ्यात असते. अशा व्यवस्थेत दुसरी बाजू मिळवायला वेळही नसतो आणि कोणी ती मागतही नाही. ‘पोलिसांनी सांगितले’ हे दोन शब्द तिसऱ्या परिच्छेदात जातात आणि मथळा निखळ सत्य म्हणून उभा राहतो.

मालेगावचे उदाहरण यासाठी पुन्हा पुन्हा द्यावे लागते. ८ सप्टेंबर २००६ रोजी, शब-ए-बारातच्या दिवशी, तेथील बडा कब्रस्तान परिसरात बॉम्बस्फोट झाले. तीसहून अधिक लोक मरण पावले आणि मृतांत बहुसंख्य मुस्लिम होते. दहशतवादविरोधी पथकाने नऊ मुस्लिम पुरुषांना अटक केली. ‘सूत्रधार’, ‘मास्टरमाईंड’, ‘कट उघडकीस’ अशा शब्दांत त्या अटकांच्या बातम्या आल्या. २०११ मध्ये तपास राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे गेला; तिने २०१३ मध्ये वेगळ्याच चौघांवर आरोपपत्र दाखल केले. २५ एप्रिल २०१६ रोजी मुंबईतील विशेष न्यायालयाने आधीच्या आरोपींपैकी हयात असलेल्या आठ जणांना दोषमुक्त केले. नववा त्यापूर्वीच, २०१५ मध्ये, मरण पावला होता. अटकेची बातमी पहिल्या पानावर आणि दोषमुक्तीची आतल्या पानावर, हा हिशेब वाचकांना चांगला ठाऊक आहे. त्यात आणखी एक भर घालता येईल. खटला चालण्याआधीच आरोपातून वगळले जाणे म्हणजे ‘दोषमुक्ती’ आणि खटला चालून सुटणे म्हणजे ‘निर्दोष मुक्तता’. हा फरकही त्या माणसांच्या दृष्टीने मोठा असतो आणि बातमीत तो क्वचितच उतरतो.

हा दोष एकाच धर्माच्या आरोपींपुरता नाही. २९ सप्टेंबर २००८ रोजी मालेगावात पुन्हा स्फोट झाला. त्यात हिंदू आरोपींना अटक झाली आणि दहशतवादाला धर्माचा नवा रंग जोडणारा शब्द मथळ्यांत रुळला. जुलै २०२५ मध्ये दहा दिवसांच्या अंतराने दोन निकाल आले. २१ तारखेला मुंबई उच्च न्यायालयाने ११ जुलै २००६ च्या लोकल रेल्वे बॉम्बस्फोट खटल्यातील बारा जणांची निर्दोष मुक्तता केली. ३१ तारखेला विशेष न्यायालयाने २००८ च्या मालेगाव खटल्यातील सातही आरोपींना निर्दोष सोडले. पहिल्या निकालाचा अन्य खटल्यांत दाखला घेऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने तीनच दिवसांत सांगितले. सुटलेल्यांना मात्र पुन्हा तुरुंगात पाठवले नाही. दोन्ही निकालांनंतर पीडितांची कुटुंबे एकच प्रश्न विचारत होती: मग स्फोट केले कोणी? दोन दशके ‘कोण’ हा प्रश्न सुटला असे समजून लिहिणाऱ्या वृत्तपत्रांकडे त्याचे उत्तर नव्हते.

न्यायालयाने माध्यमांनाच थेट सुनावल्याचे उदाहरण औरंगाबाद खंडपीठाचे आहे. दिल्लीतील तबलिगी मरकजला आलेल्या २९ परदेशी नागरिकांवर नगर जिल्ह्यात दाखल झालेले गुन्हे खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० रोजी रद्द केले. हे लोकच देशात करोना पसरवत असल्याचे चित्र मुद्रित आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतून उभे केले गेले, त्यांना बळीचा बकरा करण्यात आले, अशा आशयाचे निरीक्षण न्यायालयाने नोंदवले. मार्च-एप्रिल २०२० मध्ये रुग्णसंख्येच्या रोजच्या तक्त्यात ‘तबलिगी’ असा स्वतंत्र रकाना छापणाऱ्यांनी हे निकालपत्र मुळातून वाचावे असे आहे.

जन्माने गुन्हेगार

ज्यांच्या बाजूने निकालपत्रे क्वचितच येतात असे लोकही महाराष्ट्रात आहेत. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारधी, कैकाडी आणि अशा अनेक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. सोलापुरात तारेच्या कुंपणात त्यांची वसाहत होती. त्या भागाचे ‘सेटलमेंट’ हे नाव अजून टिकून आहे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा गेला आणि या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. बातमीत मात्र त्या मुक्त झाल्या नाहीत. ‘पारधी टोळीचा धुमाकूळ’ हा मथळा कायद्याच्या मृत्यूनंतरही कित्येक दशके छापला जात राहिला. एखाद्या घरफोडीत मराठा, ब्राह्मण किंवा गुजराती आरोपी सापडला तर तो ‘सराईत चोरटा’ असतो. पारधी सापडला की टोळी, जात आणि तांडा सगळे एकदम येतात. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ यांना साहित्य अकादमीचा सन्मान मिळाला, त्यांच्यावर रविवार पुरवण्यांत लेख आले. त्याच अंकाच्या जिल्हा पानावर भाषा जुनीच राहिली. बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाचा अहवाल २००८ चा आहे, पण तो किती वृत्तकक्षांच्या कपाटात आहे, हे विचारण्यासारखे आहे.

याचा परिणाम केवळ मानहानीपुरता नसतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार केले. अफवा भ्रमणध्वनीवरून पसरली होती हे खरे. पण अनोळखी भटका माणूस दिसला की तो गुन्हेगारच असणार, ही समजूत भ्रमणध्वनीच्या फार आधीची आहे, आणि ती रुजवण्यात छापील शब्दाचा वाटा आहे.

लिहिणारे कोण

कर्नर आयोगाने नोंदवलेली आणखी एक गोष्ट आकड्याची होती: तेव्हा अमेरिकेतील संपादकीय कामात कृष्णवर्णीयांचे प्रमाण पाच टक्क्यांहून कमी, आणि संपादक-पर्यवेक्षकांत एक टक्क्याहूनही कमी होते. तेथील संपादकांच्या संघटनेने १९७८ मध्ये, सन २००० पर्यंत हे प्रमाण लोकसंख्येच्या बरोबरीला आणण्याचे ठरवले. ते साधले नाही, पण दरवर्षी मोजणी होत गेली आणि अपयश तरी दिसत राहिले. आपल्याकडे १९९६ मध्ये बी. एन. उनियाल यांनी दिल्लीत दलित पत्रकार शोधायचे ठरवले आणि त्यांना एकही सापडला नाही. त्यांनी त्याचाच लेख लिहिला. २००६ मध्ये दिल्लीतील ३७ माध्यमसंस्थांमधल्या ३१५ निर्णयकर्त्या पत्रकारांची पाहणी झाली, तेव्हा ७१ टक्के उच्चवर्णीय हिंदू पुरुष निघाले, दलित वा आदिवासी एकही नाही. मराठीला हा प्रश्न नवा नसावा. कृष्णराव भालेकरांचा ‘दीनबंधु’ १८७७ चा आणि बाबासाहेब आंबेडकरांचा ‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० चा. ‘मूकनायक’ची पैसे मोजून जाहिरात घ्यायलाही ‘केसरी’ने नकार दिल्याचे धनंजय कीर यांनी आंबेडकरांच्या चरित्रात नोंदवले आहे. वेगळे पत्र काढावे लागले ते मुख्य पत्रांत जागा नव्हती म्हणून.

वृत्तकक्षात माणसे नसली की ओळखीही नसतात. मग मुस्लिम समाजाची प्रतिक्रिया म्हणून ठरलेल्या दोन मौलवींना फोन जातो. हमीद दलवाई यांनी १९७० मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या मुस्लिम सत्यशोधक मंडळाला, कोकणी बोलणाऱ्या रत्नागिरीच्या मुस्लिमाला किंवा १९९० मध्ये सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरवणाऱ्यांना त्या प्रतिक्रियेत स्थान नसते. ईदला शिरखुर्म्याचे छायाचित्र, नाताळला केकचे, आणि ६ डिसेंबरला दादरच्या गर्दीने झालेल्या वाहतूक कोंडीचे. शिवाजी पार्कवर त्या दिवशी होणारी प्रचंड पुस्तकविक्री बातमीत यायला कितीतरी वर्षे लागली. मालेगाव वाचकाला स्फोटांमुळे माहीत आहे. तेथील यंत्रमाग, सुताचे भाव, विजेचे दर आणि कामगारांच्या पाळ्या हा विषय अर्थपानावर नियमित असता, तर २००६ मध्ये बातमीदाराला गावात पोलिसांखेरीज विचारायला आणखी माणसे असती. सच्चर समितीचा २००६ चा आणि राज्याने नेमलेल्या मेहमूदुर रहमान अभ्यासगटाचा २०१३ चा अहवाल शिक्षण, कर्ज, घर आणि नोकरी यांविषयी आहेत. त्यांतल्या एकेका प्रकरणावर तालुक्यातून बातमी करता येते. त्यासाठी दंगलीची वाट पाहावी लागत नाही.

असे काम केल्यास काय होते, याचे उदाहरण मुंबईतील पत्रकार सुकन्या शांता यांचे आहे. त्यांनी २०२० मध्ये राज्याराज्यांच्या तुरुंग नियमावल्या वाचल्या, सुटून आलेल्या कैद्यांशी बोलल्या आणि कैद्यांना जातीनुसार कामे वाटली जातात, हे लिहिले: सफाई कोणी करायची, स्वयंपाक कोणी करायचा, हे नियमातच होते. विमुक्त जमातींच्या कैद्यांना सराईत गुन्हेगार मानणाऱ्या तरतुदीही त्या नियमावल्यांत होत्या. कोणाचे निवेदन त्यांनी उतरवून घेतले नव्हते. कागद सरकारचेच होते आणि कोणीही वाचू शकत होते. पुढे त्यांनी स्वतःच सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी न्यायालयाने त्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या, तुरुंगाच्या नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढून टाकण्यास सांगितले, विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये म्हणून पोलिसांना निर्देश दिले आणि नियमावल्या सुधारण्यासाठी राज्यांना तीन महिन्यांची मुदत दिली.